शस्त्रक्रियेनंतरची अशक्तता आणि ‘थेट रक्तात जाणारी’ अमिनो आम्लांची पावडर

गोदाकाठ, पंचवटी (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझे सासरे ७४ वर्षांचे असून अलीकडेच त्यांच्या खुब्याच्या हाडावर शस्त्रक्रिया झाली. आता ते वॉकर घेऊन घरात चालतात. परंतु मांड्या फार बारीक झाल्या आहेत आणि खुर्चीतून उठताना आधार द्यावा लागतो. आमचे घर शाकाहारी आहे. सकाळी कपभर दूध, दुपारी भाकरी, वरण आणि मटकीची थोडी उसळ, रात्री मुगाची खिचडी असा त्यांचा आहार आहे. प्रथिने वाढवा, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर मी कॉलेज रोडवरील एका दुकानात चौकशी केली, तेव्हा ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन या तीन अमिनो आम्लांची पावडर मला सुचवण्यात आली. या वयात डाळी-कडधान्यांतील प्रथिने अंगी लागत नाहीत, पावडरीतील अमिनो आम्ले मात्र आधीच सुटी असल्याने थेट रक्तात आणि तेथून स्नायूंत जातात, असे त्यामागचे कारण सांगितले गेले. हे कितपत खरे आहे? आणि अन्नातील प्रथिने स्नायूंपर्यंत पोहोचतात तरी कशी, हे कोणी नीट समजावून सांगेल का?

निवृत्त प्राध्यापक (जीवरसायनशास्त्र), नाशिकरोड

ताई, ‘सुटी अमिनो आम्ले लवकर शोषली जातात’ हे विधान ऐकायला पटण्यासारखे असले, तरी आतड्याचे काम तसे चालत नाही.

प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या लांब साखळ्या. जठरातील आम्ल आणि पेप्सिन हे विकर (एन्झाइम) या साखळ्या उलगडून त्यांचे मोठे तुकडे करतात. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडातून आलेली ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन यांसारखी विकरे ते तुकडे आणखी लहान करतात. शेवटी जे उरते त्यात काही सुटी अमिनो आम्ले असतात. पण बराच मोठा भाग दोन किंवा तीन अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांचा, म्हणजे डायपेप्टाइड आणि ट्रायपेप्टाइड यांचा असतो. प्रथिनांचे संपूर्ण विघटन झाल्याखेरीज शोषण होऊच शकत नाही, असे एके काळी मानले जात असे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस मानवी आतड्यावर झालेल्या प्रयोगांत मात्र असे दिसले की, ग्लायसीन सुटे देण्यापेक्षा त्याची छोटी पेप्टाइडे दिली, तर ते अधिक वेगाने शोषले जाते. ही पेप्टाइडे जशीच्या तशी पेशीत नेणारे पेप्ट-१ नावाचे वाहक प्रथिन आतड्याच्या अस्तरात असते. पेशीत शिरल्यावर त्यांचेही तुकडे होतात आणि रक्तात जवळजवळ सर्व काही सुट्या अमिनो आम्लांच्या रूपातच उतरते.

सुट्या अमिनो आम्लांसाठी वेगळे वाहक असतात. ल्युसीन, व्हॅलीन, फेनिलॲलॅनीन अशी उदासीन (विद्युतभार नसलेली) अमिनो आम्ले मुख्यतः एकाच वाहकातून, सोडियमच्या सोबतीने आत जातात. लायसीन आणि आर्जिनीन यांचा वाहक निराळा, ग्लुटामेटचा निराळा. सोडियमला आत ओढणारा उतार, म्हणजे पेशीच्या आत सोडियम कमी आणि बाहेर जास्त ही स्थिती, टिकवण्यासाठी पेशीच्या रक्ताकडील बाजूस एक पंप अखंड चालू असतो. तो दर फेरीत ३ सोडियम आयन बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आयन आत घेतो. त्यावर ऊर्जा खर्च होते. शोषण हे आपोआप झिरपणे नसून मोजून-मापून केलेली वाहतूक आहे. म्हणूनच एका गटातील तीन आम्ले मोठ्या प्रमाणात एकदम दिली, की ती एकमेकांशी आणि त्याच वाहकावर अवलंबून असलेल्या इतर आम्लांशी जागेसाठी स्पर्धा करतात.

या दुहेरी मार्गाचे महत्त्व हार्टनप या आनुवंशिक विकारात स्पष्ट दिसते. १९५६ साली लंडनमध्ये ज्या कुटुंबात तो प्रथम वर्णिला गेला, त्या कुटुंबाच्या आडनावावरून त्याला हे नाव मिळाले. यात उदासीन अमिनो आम्लांचा वाहक आतड्यात आणि मूत्रपिंडात जन्मतः सदोष असतो. तरीही हा विकार असलेल्या पुष्कळ जणांना आयुष्यभर फारसा त्रास होत नाही, कारण तीच आम्ले पेप्टाइडांच्या रूपात पेप्ट-१च्या वाटेने आत येत राहतात. निसर्गाने ठेवलेली ही पर्यायी वाट सुट्या आम्लांच्या पावडरीला मिळत नाही, एवढेच आपल्या प्रश्नापुरते लक्षात घ्यावे.

आतड्यातून निघालेले रक्त आधी यकृतात जाते. वाटेत आतड्याच्या पेशी ग्लुटामेट आणि ग्लुटामीन यांचा मोठा वाटा स्वतःच्या इंधनासाठी वापरतात. यकृतही बरीच अमिनो आम्ले ठेवून घेते. ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन यांचे विघटन सुरू करणारे विकर यकृतात अत्यल्प असल्याने ही तीन मात्र बरीचशी पुढे निघून स्नायूंपर्यंत पोहोचतात. विक्रेत्याच्या बोलण्यात एवढा भाग खरा आहे.

आहारतज्ज्ञ, इंदिरानगर

सरांनी जे सांगितले त्याच्या पुढची अडचण अशी की, ही तीन आम्ले स्नायूपाशी पोहोचली, तरी तेवढ्यावर स्नायू बांधता येत नाही. आहारातूनच मिळवावी लागणारी अमिनो आम्ले नऊ आहेत. त्यांतील तीनच दिली, तर उरलेली सहा शरीराला स्वतःचीच प्रथिने मोडून आणावी लागतात. अशक्त रुग्णाच्या घरी तीच पावडर महागड्या दराने आणली जाते, याचे मला वाईट वाटते.

वयस्कर माणसाला डाळी-कडधान्ये पचतच नाहीत, हेही खरे नाही. त्यांच्यातील प्रथिनांचे पचन दूध-अंड्यांपेक्षा कमी होते, कारण कडधान्यांत ट्रिप्सिनला अडवणारे घटक, सालीतील टॅनिन आणि तंतू असतात. पण भिजवणे, मोड आणणे आणि पुरते शिजवणे यांमुळे हा अडसर बराच कमी होतो. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी माणसांवर केलेल्या मोजमापांत सालासकट मुगापेक्षा साल काढलेल्या मुगाची प्रथिने अधिक पचलेली आढळली. सासऱ्यांसाठी मुगाची पिवळी डाळ त्या दृष्टीने योग्यच आहे. मोडाची मटकी कुकरमध्ये मऊ होईपर्यंत शिजवा. मिसळीतली तर्री मात्र सध्या नको.

मला त्यांच्या आहारात खरी उणीव दिसते ती प्रमाणाची. पातळ वरणाच्या वाटीत डाळ फार थोडी असते. निरोगी प्रौढासाठी आयसीएमआर-एनआयएनच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि तिची राष्ट्रीय पोषण संस्था) २०२०च्या शिफारशीत दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने धरली आहेत. आजारातून उठणाऱ्या ज्येष्ठांसाठी मात्र १.२ ते १.५ ग्रॅम सुचवली जातात. मूत्रपिंडांचे कार्य ठीक असल्याची खात्री डॉक्टरांकडून करून घ्या आणि मगच वाढवा. वाढवताना घट्ट वरण, दही, पनीर, सोयाबीन यांचा विचार करा, आणि सर्व प्रथिने एकाच जेवणात न कोंबता तिन्ही वेळांत वाटा. उतारवयात स्नायू अमिनो आम्लांना मंद प्रतिसाद देतात, त्यामुळे प्रत्येक जेवणात पुरेसा साठा मिळावा लागतो. हा प्रतिसाद वाढवण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय व्यायाम आहे. फिजिओथेरपिस्टने दिलेला खुर्चीतून उठ-बस करण्याचा सराव टाळला, तर आतड्यातून कितीही शोषण झाले, तरी ते स्नायूच्या फारसे उपयोगी पडणार नाही.

गोदाकाठ, पंचवटी

आपणा दोघांचे मनापासून आभार. पावडर घेणार नाही. भाकरी आणि डाळ एकाच जेवणात असावी लागते का? आणि एक राहिले: सासऱ्यांना रक्तदाबाची गोळी आणि कंपवातासाठी (पार्किन्सन) लेव्होडोपा हे औषध असलेली गोळी चालू आहे. ती ते सध्या जेवणाबरोबरच घेतात. प्रथिने वाढवल्याने तिच्यावर काही परिणाम होईल का?

आहारतज्ज्ञ, इंदिरानगर

तृणधान्यात लायसीन कमी आणि डाळीत मेथिओनीन कमी, म्हणून दोन्ही हवीत. पण ती दिवसभरात मिळाली तरी चालते. लेव्होडोपाबद्दल डॉक्टरांनीच सांगावे.

डॉक्टर, गंगापूर रोड

ताई, ही गोळी या चर्चेतील सर्वांत महत्त्वाची बाब आहे. लेव्होडोपा हे रचनेने अमिनो आम्लच आहे. ते आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाताना मोठ्या उदासीन अमिनो आम्लांच्या वाहकांवर अवलंबून असते. ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलीन आणि फेनिलॲलॅनीन यांची रक्तातील पातळी एकदम वाढली, तर मेंदूच्या सीमेवरील त्याच वाहकासाठी स्पर्धा होते आणि लेव्होडोपा कमी पोहोचते. काही रुग्णांमध्ये भरपूर प्रथिनांच्या जेवणानंतर हालचाली अचानक जड होतात त्या यामुळे. आपल्याला सुचवलेली पावडर नेमकी याच स्पर्धक आम्लांची होती, म्हणून ती न घेण्याचा निर्णय सासऱ्यांच्या बाबतीत दुप्पट योग्य आहे.

यावरून त्यांची प्रथिने मात्र तोडू नका. शस्त्रक्रियेनंतर ते अधिक घातक ठरेल. साधारणपणे ही गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर किमान एक तासाने घेण्यास सांगतात. सुरुवातीला मळमळ होणाऱ्यांना जेवणाबरोबर घेण्याची मुभा दिलेली असते, त्यामुळे वेळ आपल्या मनाने बदलू नका. चार-पाच दिवस गोळीची वेळ, जेवणाची वेळ, त्यात काय होते आणि हालचाली केव्हा मंदावल्या, याची वहीत नोंद ठेवा आणि ती मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. हालचालींतील चढ-उतार जास्त असल्यास ते प्रथिनांचा मोठा वाटा संध्याकाळच्या जेवणाकडे न्यायला सांगू शकतील. तसे झाले, तर तिन्ही वेळांत समान वाटपाचा वरचा सल्ला त्यांच्यासाठी बदलावा लागेल. तो कसा बदलायचा हे आहारतज्ज्ञ आणि मेंदूविकारतज्ज्ञ यांनी एकमेकांशी बोलून ठरवावे. तोपर्यंत उभे राहताना चक्कर येते का, याकडेही लक्ष ठेवा. रक्तदाबाच्या गोळीबरोबर लेव्होडोपा असताना उभे राहिल्यावर रक्तदाब खाली येऊ शकतो, आणि खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने पुन्हा पडता कामा नये.