फ्रान्सचा राजा सोळावा लुई याच्यावरचा लोकांचा विश्वास नेमका कधी उडाला?

मुक्ता: मुलीचा नववीचा इतिहास घेतेय. १७८९ ला पॅरिसचा बास्तिल तुरुंग लोकांच्या हाती पडला, राजाचा शिरच्छेद थेट जानेवारी १७९३ मध्ये. मधली साडेतीन वर्षं काय बिनसत गेलं? तिनं विचारलंय आणि मलाही नीट समजून घ्यायचंय.

जुनी पानं: ताई, २० जून १७९१ ची रात्र तिला सांगाच. राजा कुटुंबासह पॅरिसच्या ट्युलेरी राजवाड्यातून वेषांतर करून निसटला. मुलांची सांभाळणारी बाई रशियन सरदारीण झाली आणि राजा तिचा नोकर! जायचं होतं सीमेजवळच्या मोंमेदीला, एकनिष्ठ फौजेकडे. वाटेत द्रुए नावाच्या टपालचौकीच्या प्रमुखानं त्याला ओळखलं, घोडा दामटला आणि व्हारेन गावात गाडी अडवली. फ्रान्सच्या राजानं २१ जूनची रात्र एका किराणा दुकानदाराच्या घरी काढली. पण खरा घात केला तो राजवाड्यात ठेवलेल्या पत्रानं. क्रांतीनंतरचे निर्णय आपण दबावाखाली मान्य केले, असं त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. मग त्याच्या शपथेवर कोण भरवसा ठेवणार?

परदेशी पाहुणा: त्यात भर म्हणजे राष्ट्रीय सभेनं, म्हणजे लोकप्रतिनिधींच्या सभेनं, ‘राजाला पळवून नेलं’ अशी सारवासारव केली. १७ जुलैला पॅरिसच्या शां द मार्स मैदानावर राजाविरुद्धच्या अर्जावर सह्या करायला जमलेल्यांवर गोळीबार झाला. मला हा प्रसंग पलायनाइतकाच मोठा वाटतो.

मुक्ता: पत्राचं माहीतच नव्हतं. आजच सांगते तिला.