ग्रूव्ही : बेसस्क्रिप्ट लावल्यावर स्क्रिप्टमधील दर मूळ क्लासपर्यंत पोहोचत नाही – मदत हवी आहे

नमस्कार. सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानाचे संगणकाचे काम मी पाहतो. हळद, गूळ आणि बेदाणा यांच्या पट्ट्या (शेतकऱ्याला द्यायचे विक्रीचे हिशेब) जावाच्या प्रणालीतून निघतात, पण प्रत्येक मालाची आकारणी जावाबरोबर चालणाऱ्या ग्रूव्ही या भाषेतील स्वतंत्र छोट्या स्क्रिप्टमध्ये ठेवली आहे. हमाली-तोलाईचे दर बदलले की दिवाणजींना ते स्वतःच दुरुस्त करता यावेत, हा त्यामागचा हेतू. ग्रूव्हीची आवृत्ती 2.4 आहे.

तिन्ही स्क्रिप्टमध्ये तीच वजावट पुन्हा पुन्हा लिहावी लागत असल्याने मी ‘स्क्रिप्ट’ या क्लासवरून ‘पट्टीआधार’ नावाचा अमूर्त क्लास केला आणि प्रत्येक स्क्रिप्टच्या आरंभी ‘@बेसस्क्रिप्ट पट्टीआधार आधार’ ही त्या स्क्रिप्टचा मूळ क्लास ठरवणारी ओळ घातली. (नावे येथे वाचण्यासाठी देवनागरीत लिहिली आहेत.) कंपायलर कॉन्फिगरेशनमधूनही मूळ क्लास ठरवता येतो, हे ठाऊक आहे, परंतु त्याच शेलमधून (स्क्रिप्ट चालवणारा ग्रूव्हीचा भाग) पट्टीशी संबंध नसलेल्या इतर स्क्रिप्टही चालतात, म्हणून 2.2 पासून उपलब्ध असलेले हे अ‍ॅनोटेशनच सोयीचे वाटले. मूळ क्लासमध्ये ‘मजकूर’ ही एकच अमूर्त मेथड आहे, स्क्रिप्टचा सगळा भाग तिच्यात जातो, आणि ‘रन’ ही मेथड आधी ‘मजकूर’ चालवून नंतर वजावट करते. एवढे सगळे ठीक चालते.

अडचण पुढे आहे. मूळ क्लासमध्ये ‘तोलाईदर’ ही प्रॉपर्टी असून तिचे आरंभीचे मूल्य 0 आहे. हळदीच्या स्क्रिप्टमध्ये ‘तोलाईदर = 3’ असे लिहून 21 पोत्यांची चाचणी पट्टी काढली, तर हमाली बरोबर आली आणि तोलाईसमोर 0.00 छापले गेले. गंमत म्हणजे स्क्रिप्टच्या पुढच्याच ओळीत तोच दर छापून पाहिला तर 3 दिसतो! माझ्या समजुतीप्रमाणे हे मूल्य बाइंडिंगमध्ये (स्क्रिप्टच्या चलांचा साठा) जाते, स्क्रिप्टही वाचताना आधी बाइंडिंगच पाहते, आणि मूळ क्लास मात्र स्वतःचे फील्ड वाचतो. चूक कोठेच दाखवली जात नाही, हे मला सर्वांत धोक्याचे वाटते.

थेट सेटर (प्रॉपर्टीत मूल्य भरणारी मेथड) बोलावला तर दर पोहोचतो. पण बरोबरचे चिन्ह टाकायची सवय असलेल्या दिवाणजींनी एखाद्या दिवशी तो विसरला, तर शेतकऱ्याच्या हाती चुकीची पट्टी जाईल. स्क्रिप्टमधील चलाला फील्ड करणारे ‘@फील्ड’ लावूनही पाहिले, परंतु त्याने स्क्रिप्टच्या क्लासमध्ये त्याच नावाचे वेगळे फील्ड तयार होते.

आता दोन वाटा सुचतात. एक, ‘पट्टीआधार’मध्ये ‘सेटप्रॉपर्टी’ (स्क्रिप्टमध्ये मूल्य भरताना बोलावली जाणारी मेथड) नव्याने लिहून, त्या नावाची प्रॉपर्टी असल्यास मूल्य मेटाक्लासमार्फत (क्लासच्या प्रॉपर्टी व मेथड हाताळणारा ग्रूव्हीचा भाग) तिकडे वळवावे. दुसरी, ‘रन’मध्ये ‘मजकूर’ चालून झाल्यावर, वजावटीच्या आधी, बाइंडिंगमधील दर उचलून फील्डमध्ये भरावेत. दुसरी वाट मला साधी वाटते, मात्र नवा दर जोडला की तेथेही आठवणीने एक ओळ वाढवावी लागेल. पहिल्या वाटेने कोणी गेले असल्यास ‘बाइंडिंग’ आणि ‘मेटाक्लास’ ही नावे वेगळी हाताळावी लागली का, आणि दिवाणजींची ओळ आहे तशीच ठेवणारा याहून सरळ उपाय आहे का, हे कृपया सांगावे.