सह्यांनी कायदा बदलला आहे

"सह्या गोळा करून बंदुकांचे कायदे बदलत नाहीत" हे वर वाचलं, अजिबात पटलं नाही. स्कॉटलंडमधलं डनब्लेन आठवा. १३ मार्च १९९६ ला तिथल्या प्राथमिक शाळेच्या जिममध्ये गोळीबारात १६ मुलं आणि त्यांच्या बाई मारल्या गेल्या. पाच-सहा वर्षांची पोरं हो! त्या दिवसांत तिथे फुलणाऱ्या छोट्या पांढऱ्या स्नोड्रॉपचं नाव घेऊन मोहीम उभी राहिली. मागणी एकच: खासगी हातात पिस्तूल नको. सात लाखांवर सह्या जमल्या, आणि १९९७ मध्ये बंदी आलीसुद्धा. अमेरिकेत बंदूक बाळगायचा हक्क देणारी दुसरी घटनादुरुस्ती आडवी येते, मान्य. पण २०१८ मध्ये शाळेत गोळीबार झाल्यावर फ्लोरिडातल्या पार्कलंडची शाळकरी मुलं बस करून राज्याच्या राजधानीला, टॅलाहासीला गेली, आमदारांना समोरासमोर भेटली. तीन आठवड्यांच्या आत फ्लोरिडात रायफल विकत घ्यायचं वय १८ वरून २१ झालं.