मदत हवी आहे: गोदामात कामगार गोळ्यांच्या अतिमात्रेने बेशुद्ध पडला तर, त्यासाठी आधीच काय तयारी ठेवावी?

नमस्कार. नागपुरात अमरावती मार्गावरील वाडी येथील एका गोदामात मी सुरक्षा अधिकारी म्हणून काम पाहतो. हमाल, ड्रायव्हर, क्लीनर आणि कार्यालयातील मंडळी धरून सुमारे चारशे माणसे येथे रोज वावरतात. गेल्या मे महिन्यातील एका प्रसंगामुळे पडलेल्या प्रश्नांवर डॉक्टर, औषधविक्रेते, वकील आणि माझ्यासारखेच काम करणाऱ्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

दुपारी तीनच्या सुमारास आमचा एक हमाल माल उतरवण्याच्या ओट्यामागे पोत्यांवर निजलेला दिसला आणि हाका मारूनही उठेना. पारा 45 अंशांवर होता, त्यामुळे कोणाला दुसरी शंकाच आली नाही. "त्याले ऊन लागलं, कांदा आना लवकर," असे कोणीतरी ओरडले आणि कांदा, थंड पाणी, ओला दुपट्टा यांतच आमची वीस मिनिटे गेली. मी कपाळाला हात लावला तेव्हा ते तापलेले नव्हते, उलट गार आणि घामाने चिकट झालेले होते. ओठ जांभळट पडले होते, घशातून घोरल्यासारखा आवाज येई आणि मग बराच वेळ काहीच येत नसे. ते घोरणे ऐकून मला तो गाढ झोपेत वाटला, ही गोष्ट मला आजही टोचते.

108 ची गाडी आली. रुग्णालयात डॉक्टरांनी पापणी उचलली, तर बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली होती. त्यांनी "हा दुखण्याच्या गोळ्या घेतो का?" असे विचारल्यावर त्याच्या गाववाल्याने खिशातून ट्रामाडॉलचे रिकामे पाकीट काढले. पाठदुखीसाठी सुरू केलेल्या गोळ्या वाढत गेल्या होत्या आणि त्या दिवशी वरून दारूही झाली होती. ते पाकीट पहिल्या मिनिटापासून गाववाल्याच्या खिशात होते. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, हे दाखोलं असतं तर पोलिसांनं त्यालेच धरलं असतं."

नॅलोक्सोनचे इंजेक्शन दिल्यावर श्वास सुधारला. तासाभराने पुन्हा ग्लानी आली, म्हणून ते पुन्हा द्यावे लागले. ट्रामाडॉलसारखी अफूच्या वर्गातील औषधे, म्हणजे ओपिऑइड, मेंदूचे श्वासावरील नियंत्रण मंद करतात आणि नॅलोक्सोन तो परिणाम काही मिनिटांत उलटवते. परंतु त्याचा असर साधारण 30 ते 90 मिनिटेच टिकत असल्यामुळे शुद्धीवर आलेल्या माणसालाही घरी सोडून चालत नाही. ट्रामाडॉलच्या बाबतीत तर झटके येण्याचा धोका नॅलोक्सोनने टळत नाही. आमचा माणूस वाचला, आता बरा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2014 मध्येच सांगितले आहे की, असा प्रसंग ज्यांच्यासमोर घडू शकतो त्या सामान्य माणसांनाही नॅलोक्सोन मिळावे. अमेरिकेत 2023 पासून त्याचा नाकात मारायचा फवारा चिठ्ठीशिवाय मिळतो आणि तेथील अनेक कामाच्या ठिकाणी तो प्रथमोपचाराच्या सामानात ठेवतात. आपल्याकडे मात्र ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे इंजेक्शन आहे. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 45 मधील दर 150 कामगारांमागे एक, या हिशेबाने आमच्याकडे तीन प्रथमोपचार पेट्या आहेत; त्यांत पट्ट्या, कापूस, मलम सारे आहे, पण श्वास थांबलेल्या माणसाच्या उपयोगाचे काहीही नाही.

म्हणून पहिला प्रश्न डॉक्टरांना. आमच्याकडे पूर्णवेळ परिचारिका नाही; अशा ठिकाणी आमच्या सल्लागार डॉक्टरांच्या लेखी सूचनेवर इंजेक्शन ठेवता येईल का, आणि ते टोचण्याची परवानगी कोणाला असेल? ते शक्य नसेल, तर दर पाच-सहा सेकंदांनी एक कृत्रिम श्वास देणे आणि त्यासाठी लागणारा मुखवटा वापरणे, एवढे प्रत्येक पाळीतील चौघांना तरी शिकवावे, असे माझे मत आहे, कारण रुग्णवाहिका येईपर्यंत माणूस श्वासावरच तगतो. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत कोणी असे प्रशिक्षण घेतले असेल, तर ते कोणाकडून घेतले आणि हमालांना मराठी-हिंदीतून समजेल असे होते का, हे कृपया कळवावे. उन्हाचा तडाखा आणि गोळ्यांची अतिमात्रा यांतला फरक शिकवण्याची ज्यांची काही पद्धत असेल, त्यांनी तीही सांगावी. नागपुरात मे महिन्यात ही गफलत पुन्हा होणारच.

दुसरा प्रश्न वकिलांना आहे आणि मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. ट्रामाडॉल 2018 पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविषयीच्या कायद्याखाली आले आहे. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला त्या कायद्याच्या कलम 64-ए मध्ये काही संरक्षण आहे, परंतु मित्राचे पाकीट आणून देणाऱ्या सहकाऱ्याचे काय? सूचनाफलकावर मला एवढेच लिहायचे आहे: "कोणी बेशुद्ध पडल्यास त्याने काय घेतले ते लगेच सांगा, पाकीट असेल तर दाखवा, सांगणाऱ्याची आणि पडलेल्याची नोकरी या कारणाने जाणार नाही." व्यवस्थापन यावर सही करण्यास तयार आहे. ही वाक्ये कायद्याच्या कसोटीला उतरतात का, आणि पोलिसांविषयी त्यात एखादे खरे वाक्य घालता येईल का, हे कोणी तपासून द्याल का?