हवा बिघडताना दिसते तरी पायलट मागे का फिरत नाहीत?

रिकामटेकडा: छोट्या खाजगी विमानांचे अपघात वाचतो तेव्हा बऱ्याचदा तेच. निघताना हवा बरी, वाटेत ढग खाली आले आणि विमान गेलं. इंजिन चालू, पेट्रोल आहे, मग नुसतं ढगात शिरून विमान पडतं कसं?

उंटावरचा_शहाणा: विमानाला काही होत नाही हो, माणूस गंडतो. क्षितिज दिसेनासं झालं की तोल सांगायला उरतो आतला कान आणि तो पक्का फसवतो. विमान सावकाश कललं तर कळतच नाही, मग सरळ केलं की वाटतं आता उलट्या बाजूला कललोय, म्हणून हा परत झुकवतो, नाक खाली जातं, वेग वाढतो, हा घाबरून कंट्रोल मागे ओढतो आणि वळण अजूनच आवळतं. १९५४ मध्ये इलिनॉय युनिव्हर्सिटीने इन्स्ट्रुमेंटची (म्हणजे नुसते डायल बघून उडवायची) सवय नसलेल्या २० पायलटांवर प्रयोग केला होता, बाहेरचं दिसणं बंद केल्यावर विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत.

रिकामटेकडा: तीन मिनिटं पण नाही?? अहो पण समोर डायल असतात ना, बघायचं त्यात.

मीनल_क: बघायचं खरं, पण अख्खं शरीर ओरडून सांगतंय की डायल खोटं बोलतेय, तेव्हा डायलचं ऐकायला ट्रेनिंग लागतं, इन्स्ट्रुमेंट रेटिंग म्हणून वेगळा परवाना त्यासाठीच असतो. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा जॉन केनेडी ज्युनियर स्वतः विमान चालवत होता, त्याच्याकडे तो नव्हता. जुलै १९९९, रात्र, समुद्रावर धुरकट हवा, तिघे गेले. विमानात ऑटोपायलट होता आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) कागदावर हवा उडण्याजोगीच होती.

जुना_खेळाडू: मागे का फिरत नाहीत ते राहिलंच की. ढग काही भिंतीसारखे आडवे येत नाहीत. जरा खाली येऊन बघू, पलीकडे मोकळं असेल, असं करत करत खाली डोंगर आणि वर ढग. त्यात मागे पाहुणे बसलेले आणि पोचायची घाई. वास्तविक सेकंदाला ३ अंश वळलं तर मिनिटात तोंड मागे होतं, पण ते बाहेरचं दिसतंय तोवरच, आत शिरल्यावर तेच वळण जिवावर येतं. माझं मत विचाराल तर ढग अमुक फुटांच्या खाली आले की फिरायचं हे जमिनीवरच ठरवून लिहून ठेवावं, वर गेल्यावर डोकं सोयीचंच बोलतं.