मदत हवी आहे: बाबांचा ताण कसा हलका करावा?

मंडळी, आम्ही सोलापूरचे. बाबा यंत्रमागावर टॉवेल विणायचे. दिवाळीपासून कारखाना बंद आहे. रात्री-अपरात्री उठून बसतात, छातीत धडधडतंय म्हणतात. ईसीजी नॉर्मल आला, डॉक्टर म्हणाले ताणामुळे होतंय. सिद्धेश्वर तलावाकडे फिरायला नेलं की तेवढ्यापुरतं बरं, घरी आले की जुन्या बिलाच्या पाठीवर परत हप्त्यांचा हिशोब. (आईचा उपाय एकच, ‘चहा घ्या’!) सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो. पण ‘मी काय वेडा झालोय का?’ म्हणून फोन हातातच घेत नाहीत. त्यांच्याऐवजी आधी मीच बोललो तर चालेल ना? तुमच्यापैकी कुणी घरच्या मोठ्या माणसाला राजी केलंय का? नेमकं काय बोललात?