नोकरी सोडून बेदाण्याचा स्वतःचा उद्योग: उडी घ्यावी की थांबावे?

तासगावची_लेक

मी तासगाव तालुक्यातील एका खेड्यात राहते. वय 28, शिक्षण बी.कॉम. गेली सहा वर्षे बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोअरेजमध्ये हिशेब पाहते आणि महिना 17,000 रुपये मिळवते. वडिलांची दोन एकर द्राक्षबाग आहे. दरवर्षी द्राक्षे शेडवर टाकली जातात, बेदाणा बॉक्समध्ये भरून अडत्याकडे जातो आणि सौद्यात जो दर निघेल तो आम्ही मुकाट्याने स्वीकारतो. कोणाचा माल किती दिवस पडून राहिला, कोणत्या प्रतीला काय दर निघाला आणि तूट किती धरली गेली, हे रोज माझ्याच हाताने नोंदले जात असल्यामुळे माझी खात्री झाली आहे की निवड आणि पॅकिंग आपणच केले, तर आज बाहेर जाणारा बराचसा पैसा घरात राहील.

दोन वर्षांपूर्वी एका बँकेत कर्जाची चौकशी केली, तेव्हा "वडिलांना किंवा भावाला घेऊन या," असे सांगण्यात आले. त्यानंतर मी पुन्हा गेले नाही. सारी योजना वहीत आहे. घरी मात्र एक शब्दही बोललेले नाही. नोकरी सोडून पूर्णवेळ यात उतरावे, की आणखी बचत होईपर्यंत थांबावे? ज्यांनी असे पाऊल उचलले आहे, त्यांनी कृपया मोकळेपणाने सांगावे.

पलूसहून

ताई, नोकरी सोडणे ही पहिली पायरी आहे, असे आपण गृहीत धरले आहे आणि तिथेच मला गफलत वाटते. आमच्या शेजारच्या किर्लोस्करवाडीचे उदाहरण पाहा. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते, त्याच काळात त्यांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. मुंबईत सायकली खरेदी करून ते बेळगावला पाठवत आणि तिथे विक्री त्यांचे बंधू पाहत. पुढे पदोन्नती डावलली गेली तेव्हा त्यांनी राजीनामा दिला, पण त्या वेळी पायाखाली दुकान उभे होते. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर 1910 मध्ये कारखाना सुरू झाला, तोपर्यंत या धडपडीला वीसहून अधिक वर्षे झाली होती. आपल्याकडे नोकरी आहे, आणि तीही नेमक्या याच धंद्यातली आहे. ती सोडण्याची घाई करू नका.

माणगंगेकाठी

पलूसच्या सद्गृहस्थांचे म्हणणे मला पटते, परंतु ताईंचे पाऊल अडले आहे ते नोकरीमुळे नव्हे, तर बँकेतल्या त्या एका वाक्यामुळे, असे मला त्यांचा प्रश्न दोनदा वाचल्यावर वाटले. मी म्हसवडची आहे. आमच्या गावात 1997 मध्ये माणदेशी महिला बँक सुरू झाली. त्याआधी चेतना सिन्हा आणि गावातील महिलांनी केलेला परवान्याचा पहिला अर्ज, काही प्रवर्तक महिलांना लिहिता-वाचता येत नाही या कारणाने रिझर्व्ह बँकेने नाकारला होता. त्या बायका घरी परतल्या आणि शिकायला बसल्या. काही महिन्यांनी पुन्हा जाऊन त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले की कोणत्याही मुद्दलावरचे व्याज आम्हाला विचारा, आम्ही ते तोंडी काढून दाखवतो. ही हकीकत आमच्या भागात घरोघरी सांगितली जाते आणि मला ती दर वेळी नव्याने बळ देते.

आपण तर सहा वर्षे हिशेबच लिहीत आहात. कच्च्या मालाचा खर्च, तूट, मजुरी, पॅकिंग आणि उधारीचे दिवस मांडलेला प्रकल्प अहवाल तयार करा आणि आधी सांगलीच्या जिल्हा उद्योग केंद्रात जा. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातील महिलांना प्रकल्पखर्चाच्या 35 टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. सध्याच्या अटी तिथेच विचारून घ्या. मग पुन्हा बँकेत जा, एकट्याच जा, आणि नकार मिळाला तर त्याचे कारण लेखी मागा.

कराडकर

एवढेच सांगतो, घरी बोला. गोळेश्वरचे कुस्तीगीर खाशाबा जाधव 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि 1952 मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. त्या प्रवासाच्या पैशांसाठी त्यांनी लोकांपुढे हात पसरले आणि त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी आपली इच्छा मनातच ठेवली असती, तर ती खर्डेकर सरांपर्यंत पोहोचलीच नसती.

बेदाणा_शेड

मी स्वतः या धंद्यात असल्यामुळे व्यवहाराचे सांगतो. यंत्र आत्ता घेऊ नका. साधारण चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा होतो, म्हणजे माल आधीच महाग पडलेला असतो, आणि नवख्या माणसाचे नुकसान निवडीत होते. वडिलांच्या मालातून शंभर किलो बाजूला घ्या. वॉशिंग आणि नेटिंग (जाळीवर चाळणे) एखाद्या युनिटमधून मजुरीवर करून घ्या, निवड मात्र स्वतः बसून करा आणि काडी, काळा माल व बारीक दाणा वेगवेगळा तोला. ओलावा राहिलेला माल पाकिटात भरला, तर तो चिकटतो आणि दुकानदार पुन्हा दारात उभे करत नाही. माझ्याकडून ही चूक झालेली आहे. अन्न सुरक्षेची नोंदणी करून 250 ग्रॅमची पाकिटे घेऊन सांगलीतील विश्रामबाग आणि मिरजेतील दहा दुकाने फिरा. दुसऱ्यांदा मागणी किती जण करतात, तेवढे पाहा. दिवाळीच्या आधी हे झाले पाहिजे, कारण सुक्या मेव्याला खरी मागणी तेव्हाच असते.

तासगावची_लेक

सर्वांचे मनापासून आभार. नोकरी सोडत नाही. काल रात्री जेवणानंतर वही वडिलांसमोर ठेवली. त्यांनी ती बराच वेळ चाळली आणि पाकिटांच्या खर्चाच्या पानावर थांबून "यात तूट कमी धरली आहेस," असे म्हणाले. ते पान आम्ही दोघांनी बसून पुन्हा लिहिले. शंभर किलो माल देण्यास ते तयार आहेत. उद्योग केंद्रात सोमवारी जाणार आहे. तिथे काय होते ते इथेच कळवीन.